स्पार्क प्लग घरी बदलावेत की सर्व्हिस सेंटरमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका गृहस्थांकडे २०१९ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी ४३,००० किलोमीटर चालली असून तिची वॉरंटी संपली आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि सिग्नलला उभी असताना शांत चालते. परंतु कात्रजचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की हलके झटके देते. सर्व्हिस सेंटरने चार स्पार्क प्लग (सिलिंडरमधले पेट्रोल पेटवणारी ठिणगी हेच देतात), पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई, हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीची सफाई आणि ‘डीकार्बनायझेशन’, म्हणजे इंजिनात साचलेली काजळी काढणे, असे सगळे मिळून सात हजार रुपयांच्या आसपासचे एस्टिमेट दिले आहे. प्लग बदलणे हे अर्ध्या तासाचे काम असल्याचे त्यांनी परदेशी व्हिडिओंमध्ये पाहिले आहे. तेव्हा ते घरीच करून पैसे वाचवावेत का, असे ते विचारतात.

मी पहिली नऊ वर्षे एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वर्कशॉपमध्ये काम केले आणि त्यानंतर अठरा वर्षे स्वतःचे गॅरेज चालवतो आहे, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. माझे उत्तर असे, की आपल्या गाडीचे हे काम आपण घरी अवश्य करावे, मात्र पैसे वाचवण्यासाठी म्हणून करू नये, कारण पैसे फारसे वाचणार नाहीत.

परदेशी व्हिडिओंमधला हिशेब तिकडच्या मजुरीवर बेतलेला असतो. अमेरिकेत डीलरच्या वर्कशॉपमध्ये तासाला शंभर डॉलरहून अधिक मजुरी सर्रास आकारली जाते, त्यामुळे तिथे एका सकाळच्या कामात सगळ्या हत्यारांचे पैसे सुटतात. आपल्याकडे चित्र उलटे आहे. साधा निकेलचा प्लग दीड-दोनशे रुपयांत मिळतो, इरिडियमचा सहाशेपासून हजारापर्यंत जातो, आणि इंजिनाच्या माथ्यावर समोरच बसवलेले चार प्लग बदलण्याची मजुरी काही शे रुपये, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, एवढ्यात आटपते. याउलट बऱ्यापैकी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच घट्ट करता येणारा पाना, घ्यायचा म्हटले तर दोन-तीन हजार रुपये मोजावे लागतात. प्लगचा खोल सॉकेट, लांब एक्स्टेंशन आणि फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फीलर गेज यांचे पैसे वेगळे. म्हणजे पहिल्या खेपेला आपण तोट्यातच राहाल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हिशेब बरोबरीला येईल, पण निकेलचे प्लग असले तरी तिसरी खेप येईपर्यंत गाडी बहुधा विकलेली असेल.

मग घरी का करावे? कारण हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, न उघडता, प्रत्यक्ष ज्वलन जिथे होते त्या जागेतून हातात येणारा भाग म्हणजे प्लग. गेल्या चाळीस हजार किलोमीटरमध्ये त्या त्या सिलिंडरमध्ये काय घडले, याचा लेखी जबाब म्हणावा अशी खूण त्याच्या टोकावर उमटलेली असते. सर्व्हिस सेंटरमध्ये तो जबाब कोणी वाचत नाही. आपल्याशी बोलणारा सर्व्हिस ॲडव्हायझर इंजिनापाशी नसतो, इंजिनापाशी असलेल्या मुलाला दिवसभरात ठरावीक गाड्या संपवायच्या असतात, आणि काढलेले प्लग भंगाराच्या डब्यात जातात. मीही नऊ वर्षे ते तसेच टाकले आहेत.

आता आपल्या एस्टिमेटकडे वळतो. त्या सात हजारांपैकी प्लग आणि त्यांची मजुरी वेगळी काढून पाहावी. निकेलचे प्लग असतील तर ती रक्कम हजार-बाराशेच्या पुढे जाऊ नये. उरलेली कामे कधी गरजेची असतात, नाही असे नाही, पण ती चाचणी न करता एकदमच करून घेतली तर नेमके कशाने बरे वाटले हे कधीच कळत नाही. चढावर येणारा झटका हे झिजलेल्या प्लगचे जुने लक्षण आहे आणि त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे रूपांतर इग्निशन कॉइल वीस हजार व्होल्टहून अधिक दाबात करते आणि त्या दाबाच्या जोरावर ठिणगी प्लगच्या दोन टोकांमधली एक मिलिमीटरच्या आसपासची फट ओलांडते. प्रत्येक ठिणगीबरोबर टोकाचा धातू कणाकणाने उडतो, कडा गोल होतात आणि फट रुंदावते. गाडी उभी असताना सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, त्यामुळे रुंदावलेली फटही ठिणगी पार करते. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की सिलिंडरमधल्या मिश्रणाचा दाब वाढतो, ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते, आणि कॉइल तेवढे देऊ शकली नाही तर तो स्ट्रोक वाया जातो. आपल्याला जाणवतो तो झटका बहुतेक हाच.

बहुतेक म्हणतो, कारण हेच लक्षण खराब कॉइलचेही असते. म्हणून प्लग विकत घेण्यापूर्वी कोणाकडून तरी गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा. पी०३०० हा कोड दिसला तर मिसफायर, म्हणजे मिश्रण न पेटणे, कोणत्याही एका सिलिंडरला चिकटलेला नाही असे समजावे, आणि पी०३०१ पासून पी०३०४ पर्यंतचा एखादा दिसला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. समजा दुसऱ्या सिलिंडरचा कोड आला, तर त्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावून पुन्हा घाट चढून पाहावा. कोड कॉइलबरोबर तिसऱ्यावर गेला तर दोष कॉइलचा. जागेवरच राहिला तर प्लगकडे, आणि त्यानंतर इंजेक्टरकडे बघावे. अर्थात ही अदलाबदल प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तरच करता येते. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: चालत्या गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा नुसता न लागता लुकलुकू लागला, तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवत असते. त्या वेळी ॲक्सिलरेटर सोडून गाडी सावकाश बाजूला घ्यावी. कन्व्हर्टरच्या किमतीत प्लगचे कित्येक संच येतील.

प्लग कोणता घ्यावा, यासाठी गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडावे. दुकानदाराच्या स्मरणशक्तीवर किंवा जुन्या प्लगवरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण आधीच्या मालकाने चुकीचा बसवलेला असू शकतो. निकेलचे प्लग साधारण वीस ते चाळीस हजार किलोमीटर, प्लॅटिनम आणि इरिडियमचे त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक टिकतात. आपल्या गाडीत मुळात कोणते होते, त्यावर ४३,००० हा आकडा उशिराचा की लवकरचा हे ठरते. गाडीला सीएनजी किट असेल तर पुस्तकात सीएनजीसाठी दिलेली मुदत वेगळी असल्यास तीच धरावी, कारण वायूचे मिश्रण पेटवायला अधिक व्होल्टेज लागते आणि प्लग लवकर थकतो.

प्लगच्या क्रमांकातला एक आकडा त्याची ‘हीट रेंज’, म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे किती वेगाने वाहून जाते ते, सांगतो. इथे एक सापळा आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग अधिक ‘थंड’ होतो. बॉशच्या क्रमांकात आकडा वाढला की तो अधिक ‘गरम’ होतो. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या प्लगवर शोधणे म्हणजे शुद्ध गोंधळ. (आमच्या पिढीचे मेकॅनिक बॉशच्या प्लगला अजूनही ‘मायको’च म्हणतात, मायको या कंपनीचे नाव २००८ सालीच बॉश झाले, तोंडातले काही गेलेले नाही.) बनावट प्लग बाजारात आहेत, हेही लक्षात ठेवावे. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जो माल निम्म्या दरात मिळतो त्याच्याकडे संशयानेच पाहावे. पक्के बिल देणाऱ्याकडूनच घ्यावे, आणि चारही प्लग ओळीने धरून पाहावेत. मधला इलेक्ट्रोड तिरका, छपाई बोटाने पुसली जाणारी, फट प्रत्येकाची वेगळी, असे काही दिसले तर परत करावेत. फीलर गेजने निकेलच्या प्लगची फट पुस्तकातल्या आकड्याशी ताडून घ्यावी. इरिडियमच्या प्लगची फट मात्र वाकवून जुळवण्याच्या फंदात पडू नये. त्याचे टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि गेजचा धक्का लागला तरी मोडते.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि प्लग पोलादाचा. गरम असताना फिरवला तर मऊ धातूचे आटे प्लगबरोबर निघून येण्याचा धोका असतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. कॉइलचा कनेक्टर लॉक दाबूनच काढावा, कारण पाच-सहा वर्षे उष्णता खाल्लेले ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. कॉइलचा बोल्ट काढल्यावर ती सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे थोडी फिरवावी, म्हणजे खालचे रबर प्लगपासून सुटते. कॉइल निघाल्यावर लगेच पाना घालू नये. त्या खोल भोकात टॉर्च मारून पाहावे. तिथे धूळ, वाळू, कधी पिंपळाचे पान, आणि ज्यांना वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरने इंजिन धुऊन घेण्याची हौस आहे त्यांच्याकडे चक्क पाणी सापडते. प्लग काढल्यावर हे सगळे सिलिंडरमध्ये पडणार, म्हणून आधी हवा मारून भोक स्वच्छ करावे. कंप्रेसर नसेल तर सायकलच्या पंपाला नळी लावूनही चालते, फक्त डोळ्यांवर चष्मा असावा.

सॉकेट नीट बसला आहे याची खात्री करून प्लग सोडवताना पहिल्या जोराला ‘कट्’ असा आवाज येतो आणि त्यानंतर तो जवळजवळ हाताने फिरतो. तसा फिरला नाही, करकरत जड जाऊ लागला, तर जोर वाढवू नये. पाव फेरा परत घट्ट करावा, आट्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडावेत, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मग थोडा सैल, थोडा घट्ट असे करत बाहेर आणावा. तरीही अडला तर होता तसा घट्ट करून गाडी गॅरेजमध्ये न्यावी. यात कमीपणा काही नाही. अर्धवट निघालेल्या प्लगवर लांब पाइप लावून जोर करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाड्या टोचनला लावून आलेल्याही पाहिल्या आहेत.

काढलेले चार प्लग सिलिंडरच्या क्रमाने, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये १, २, ३, ४ असे लिहून ठेवावेत. यासाठीच तर हा सगळा खटाटोप. टोकाचे चिनीमातीचे इन्सुलेटर फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिनाची प्रकृती उत्तम आहे. कोरडी, काजळीसारखी काळी पूड म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. अडकलेला एअर फिल्टर, खराब सेन्सर किंवा रोज दीड-दोन किलोमीटरचीच ये-जा, अशी कारणे तिथे शोधावीत. ओली, तेलकट काळी चकाकी म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येते आहे. पांढरेफटक, बारीक फोड आलेले टोक म्हणजे सिलिंडर जास्त तापतो आहे किंवा प्लगच चुकीच्या हीट रेंजचा आहे. आणि चारातील एकच वेगळा दिसत असेल, तर ती खूण त्या एका सिलिंडरची आहे. ‘डीकार्बनायझेशन’च्या सरसकट उपचाराने ती बरी होत नाही.

एका खुणेने मात्र घाबरू नये. प्लगच्या बाहेरच्या बाजूला, पांढरी चिनीमाती जिथे धातूच्या षट्कोनात शिरते तिथे, कधी कधी एक तपकिरी कडे दिसते. ‘गॅस लीक होतो आहे’ असे म्हणून गिऱ्हाइकाला ते दाखवणारे मेकॅनिक मला माहीत आहेत. प्रत्यक्षात उच्च व्होल्टेजमुळे भोवतालच्या हवेतील तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, त्याचा तो डाग असतो; प्लग त्याने बिघडत नाही.

नवा प्लग बसवताना पाना हातात घेऊच नये. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर बसवावा आणि त्या पाइपाने प्लग भोकात सोडून फिरवावा. आटे सरळ लागले तर तो सहज चार-पाच फेरे आत जातो. तिरके लागले तर रबर टोकावर घसरते आणि पुढे जोर लागतच नाही. पाच-दहा रुपयांचा हा तुकडा आपले हेड वाचवतो. फिरवण्यापूर्वी प्लग एकदा उलटा, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवावा. आट्यांची सुरुवात जुळली की बोटांना बारीकसा ‘टक्’ जाणवतो, आणि मग सरळ फिरवावा.

हे मी इतके लांबण लावून का सांगतो, त्याला कारण आहे. स्वतःचे गॅरेज सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी एका गाडीचा तिसरा प्लग माझ्या हाताखालच्या मुलाने थेट रॅचेटने आत घातला. मला घाई होती, मी पाहिले नाही. गाडी गेली आणि नऊ दिवसांनी महामार्गावर तो प्लग आट्यांसकट उडून कॉइल वर फेकली गेली. हेडमध्ये नवे आटे पाडून त्यात पोलादी स्प्रिंगसारखे इन्सर्ट बसवण्याचे काम मला माझ्या खिशातून करून द्यावे लागले. आणि ती धातूची कीस सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून काय काय करावे लागले, ते सांगत बसलो तर हे उत्तर दुप्पट होईल.

शेवटची घट्टाई टॉर्क रेंचने करावी. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २० लागतात. आपल्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. रेंच नसेल तर हाताने पूर्ण टेकल्यानंतर नव्या प्लगला अर्धा फेरा, १४ मिलिमीटरच्या प्लगला फार तर दोन-तृतीयांश फेरा द्यावा. वॉशर दबताना हाताला मऊ लागते आणि मग एकदम टणक. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावण्याची सवय पुष्कळांना असते. आजच्या प्लगच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असतो, त्यावर वंगण लावले की घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून आटे कोरडेच ठेवावेत. सैल राहिलेला प्लगही तितकाच वाईट, कारण प्लगची उष्णता हेडमध्ये उतरण्याचा मुख्य रस्ता म्हणजे हे आटे आणि तो वॉशर.

काही गाड्यांच्या बाबतीत मात्र मी सरळ सर्व्हिस सेंटरकडे जायला सांगेन. वॉरंटी चालू असेल तर तिथेच करावे आणि नोंद ठेवावी. आडव्या बसवलेल्या व्ही-६ (तीन-तीनच्या दोन ओळींत सहा सिलिंडर असलेल्या) इंजिनात मागच्या ओळीचे प्लग इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेले असतात. ते अंगणात बसून करण्याचे काम नव्हे. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत प्लगची निवड आणि टॉर्क यांना चुकीची फारशी मुभा नसते. २००३ साली आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनाला तर चार सिलिंडरना आठ प्लग होते. मागचे चार काढायला वायपरखालचे आवरण काढावे लागते, आणि समोरचे चार नवे, मागचे चार कंपनीतून आले तेव्हाचे, अशा सिटी माझ्याकडे एकाहून अधिक आल्या आहेत. बिल अर्थातच आठाचे होते. कॉइल काढल्यावर भोकात ऑइल साचलेले दिसले तर आपले काम तिथेच थांबवावे, कारण टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, गॅस्केटची सील गेलेली आहे आणि ती न बदलता घातलेला नवा प्लग कॉइलच्या रबरासकट पुन्हा ऑइलमध्ये भिजेल.

आपली गाडी यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही, म्हणून आधी स्कॅनर, मग फक्त प्लग, मग पुन्हा कात्रजचा घाट, या क्रमाने जावे. झटका गेला तर इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडीचा विषय पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत मिटला. नाही गेला, तर अंड्यांच्या ट्रेमधले ते चार प्लग तसेच उचलून सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावेत आणि ॲडव्हायझरला नव्हे, आत काम करणाऱ्या जुन्या मेकॅनिकला दाखवण्याचा आग्रह धरावा. आणि हे सगळे वाचून काम तिथेच द्यावेसे वाटले, तर जॉब कार्डवर एक ओळ आधीच लिहून घ्यावी: काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने परत द्यावेत.